खडूची चौथी खूण

नव्या अल्बमच्या कव्हरवर जुन्या जमान्यातला फोटो हवा, ही कल्पना धाकट्याची. रुंद कॉलरचे शर्ट, पायघोळ बेलबॉटम, मागे रंगवलेला पडदा. म्हणून बँडमधल्या तिघांनी सकाळीच स्टुडिओ गाठला: गाणारा धाकटा, कीबोर्ड वाजवणारी त्याची वहिनी आणि ड्रमवाला ढब्बू. कोण कुठे उभं राहणार, एवढंच आज ठरवायचं होतं.

"मला बेलबॉटम म्हणजे तंबूच शिवावा लागेल," ढब्बू पोटावरून हात फिरवत म्हणाला. वहिनी हसली. किती दिवसांनी हसली बिचारी!

धाकट्याला ते हसूसुद्धा बोचलं. बँड खरा दादाचा. दादा त्याला एकट्याला गाऊ देईना, म्हणून पहिल्या मोठ्या रेकॉर्डिंगची दोनची वेळ धाकट्यानं त्याला चारची सांगितली. दादा चारला आला तोवर सगळं उरकलं होतं. वहिनीनं चारचौघांत त्याला बेजबाबदार म्हटलं. दादानं धाकट्याकडे एकदाच पाहिलं आणि "विसरलो" म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. अकरा दिवसांनी तो झोपेतच गेला. ते अकरा दिवस वहिनी त्याच्याशी धड बोलली नव्हती. अजूनही म्हणायची, "साधी वेळ पाळता आली नाही त्या माणसाला." खरं सांगून टाकावं असं धाकट्याला रोज वाटे, आणि रोज तो ते उद्यावर ढकली.

फोटोवाले काका गुडघे टेकून प्रत्येकाच्या पावलांभोवती खडूनं खुणा करत होते. त्यांच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यासमोर जरा पाऊल हललं की माणूस पुसट येई.

काका उठले. धाकट्यानं सहज मोजलं. खुणा चार.

"काका, आम्ही तिघंच आहोत."

"मी कुठे मोजतो? पाय दिसतील तसं आखत जातो," म्हणून काकांनी काळ्या कापडात डोकं घातलं. आतून आवाज आला, "ताई, जरा सरका. मागचे झाकले जातायत."

मागे नुसता पडदा होता.

"काका, चष्मा बदला आता," ढब्बू म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

धाकटा तडक गेला आणि स्वतः कापडाखाली शिरला. त्या कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटं दिसतं. वहिनी उलटी, ढब्बू उलटा, डोकी खाली, पाय वर.

त्यांच्या मागे एकजण सरळ उभा होता. मान खाली घालून मनगटावरचं घड्याळ बघत होता. हात खाली करी, पुन्हा बघे.

धाकटा घामाघूम होऊन बाहेर आला.

"काय दिसलं?"

"काही नाही, वहिनी. राहू द्या ना."

पण ती शिरलीच. बराच वेळ कापड हललं नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "हे सारखं घड्याळ का बघतायत?"

धाकट्याला रडू कोसळलं. "दादा विसरला नव्हता, वहिनी. वेळ दोनची होती. मीच त्याला चार सांगितले."

वहिनी आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली. मग मागच्याला जागा करून देत एक पाऊल बाजूला सरकली.

धाकटाही कसाबसा आपल्या खुणेवर गेला. काका पुन्हा कापडात शिरले.

"झकास! आता चेहरा दिसतोय त्यांचा. कोणी हलू नका."

मग कापडाआडूनच धाकट्याला म्हणाले, "त्यांना इकडे बघायला सांगा हो. ते तुमच्याकडेच बघतायत."