टाकीतून उतरताना

"नवरा गेला माझा, आणि त्याला मारलं म्हणून माझाच भाऊ आत हाय," सीमा म्हणाली. "सासू म्हणते, भावाची बाजू घेशील तर या घरात ऱ्हाऊ नको. माहेरी गेले, तर आई म्हणते, तुझ्याच सासरच्यांनी पोराला अडकवलं. मी कुठं जाऊ, सांगा."

सावेडीतल्या त्या छोट्या ऑफिसात भारती साळवे यांनी वही उघडली. त्यांची सगळी सरकारी नोकरी विजेचे अपघात तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्या हेच काम खासगीत करत. सोबतीला त्यांचे जुने सहकारी सोपानराव असत.

सीमाचा नवरा हनुमंत कर्जतला भिमाजीशेठच्या शेडमध्ये वेल्डर होता. पाण्याच्या टँकरमध्ये शिरून तो आतून जोड मारत होता. बाहेर उतरताना शॉक बसून जागीच गेला. वेल्डिंग मशीनची वायरिंग सीमाच्या भावानं, संदीपनं केली होती.

"संदीप काय म्हणतो?" भारतीबाईंनी विचारलं.

"रंग खरवडून मागच्या बोल्टला अर्थिंग दिली, एवढंच सांगतोय."

"ती वायर सुटली असेल," सोपानराव म्हणाले.

"न्हाई. पोलिसांना घट्ट बसलेली घावली. म्हणून तर म्हणतात, आतली जोडणी त्यानंच चुकवली."

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी शेडचं सील काढून दिलं. आत पत्र्याखाली श्वास कोंडत होता. टँकर रबरी टायरवर उभा होता आणि रबरी चाकांवरच्या मशीनचा लोखंडी सांगाडा त्याच्या चॅसीला, खालच्या लोखंडी चौकटीला, टेकला होता.

भारतीबाई टँकरच्या झाकणातून आत उतरल्या. आत धड बसताही येत नव्हतं. चारी बाजूंनी पत्रा, वर तेवढं उजेडाचं एक भोक. हनुमंतचे शेवटचे तास इथंच गेले होते.

"बाई, या ना बाहेर," सोपानराव घाबरून म्हणाले.

"तो आत इतका वेळ होता, सोपानराव. आत त्याला काहीच का झालं नाही?"

बाहेर येऊन त्या मशीनपाशी बसल्या. अर्थिंगची हिरवी वायर वरच्या बोल्टला आवळलेली होती. त्यांनी नट सैल करून वायर उचलली. खालचा निळा रंग गुळगुळीत होता. मागे, खालच्या बाजूला, आणखी एक बोल्ट मोकळाच होता. त्याच्याभोवती लोखंड उघडं पडून चकाकत होतं.

"जुनं मशीन, रंग उडायचाच," सोपानराव म्हणाले.

हनुमंतबरोबर काम करणारा सचिन मान वर करत नव्हता. "सकाळी मी लोखंडी अँगल आणाय गेल्तो. आलो तवा आत वेल्डिंग जोरात चालू हुतं. चहा आला म्हणून मीच हाक मारली त्याला. त्यानं टँकरची शिडी धरली, पाय जमिनीला टेकला, आणि... मी मेन पाडला. टेम्पोत माझ्याच मांडीवर हुता तो. पोलीस दवाखान्यात आले, तवर मी तिथंच."

समोरच्या चहावाल्या कडूबाई म्हणाल्या, "त्या दिशी सकाळी शेडची लाइट सारखी जात हुती. माझा पंखा मातर चालू. मग जायची थांबली. हनुमंताला नेलं तवा सगळी टेम्पोत गेली. शेठ एकलेच शटर ओढून बसले. लई धक्का बसला असंल."

भिमाजीशेठ थंडपणे म्हणाले, "लाइट? एकदाबी गेली न्हाई. मला विजेतलं काय कळतंय? मी वायरीला हात लावत न्हाई."

संध्याकाळी भारतीबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. हनुमंतची आई भागिरथीबाई सुनेपासून लांब, खांबाला टेकून बसल्या.

"मशीनची आतली वायर जळून सांगाड्याला लागली होती," भारतीबाई म्हणाल्या. "तेव्हा अर्थिंग जागेवर होती, म्हणून करंट जमिनीत जायचा आणि फ्यूज उडायचा. कडूबाईंनी तेच पाहिलं. मग फ्यूज उडायचा थांबला. का? अर्थिंगच काढली. त्यानंतर सांगाड्यात वीज, त्याला टेकलेल्या टँकरमध्येही वीज. दोन्ही रबरी चाकांवर, म्हणून करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. आत हनुमंतच्या सगळ्या बाजूंना सारखीच वीज, म्हणून त्याला काही जाणवलं नाही. हात शिडीवर असताना पाय जमिनीला लागला, तेव्हा वाट मिळाली."

"पण वायर तर बसवलेली होती," फौजदार म्हणाले.

"नंतर बसवली. संदीपनं रंग खरवडला होता तो बोल्ट मागे आहे. ही वायर वरच्या बोल्टला आहे, आणि तिच्याखाली रंग जसाच्या तसा. रंगातून वीज जात नाही; रंगावर बसवलेली अर्थिंग नुसती दाखवायची. ज्याला विजेतलं कळत नाही, तोच ती अशी लावेल. वायर काढली तेव्हा हनुमंत टाकीत होता, नाहीतर चढतानाच त्याला शॉक बसला असता; आणि सचिन अँगल आणायला गेला होता. ती परत लावली तेव्हा शटर आतून बंद होतं."

भिमाजीशेठ दाराकडे सरकले. दारात फौजदार उभे होते.

"टँकर त्याच दिवशी द्यायचा हुता," शेठ भिंतीला टेकत पुटपुटले. "फ्यूज काय टिकंना. वाटलं, एवढं उरकलं की लावू परत."

"मी हाक मारली नसती तर..." सचिन रडू लागला.

"तो कधीतरी उतरणारच होता, सचिन. उतरणं हा त्याचा गुन्हा नव्हता, आणि हाक मारणं तुझा."

भागिरथीबाई खांब धरून उठू लागल्या. सीमा धावली. म्हातारीनं तिचा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"चल," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझ्या भावाला सोडवाय मीबी येते. तक्रार मी दिली हुती, मीच मागं घेते."