नूलाच्या हाताचा गुण

गावातला डेक्लन अंगावरचा चट्टा दाखवायला दारात उभा दिसला आणि नूलाने हातातली मासे धरायची गळाची काठी भिंतीला टेकवली. या सुट्टीत तो तिसऱ्यांदा आला होता, आणि त्याच्या मागे आणखी पाचजण.

नूला सात बहिणींत शेवटची, मध्ये एकही भाऊ नाही. अशा सातव्या मुलीच्या हाताला गजकर्ण बरं करायचा गुण असतोच, असं सगळं गाव धरून चाललं होतं. तीन दिवस सकाळी उपाशीपोटी चट्ट्यावर फुंकर घालायची, बोटाने क्रूस काढायचा, की झालं. पण यंदा गेलेले चट्टे आठवड्यात परत येत होते. शेजारच्या ग्रॅल्टनबाई तर सांगत सुटल्या होत्या, की पोरगी आधी चोरून खाते.

"मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही!" मावसभावाला, फिंटनला, सांगताना नूलाचा आवाज चिरकला.

फिंटन डेक्लनकडे निरखून बघत होता. "सगळ्यांना हनुवटीखाली नाहीतर कपाळावरच कसं गं होतं?"

नूलाने पुन्हा पाहिलं. चट्टे बरोबर हेल्मेटचा पट्टा आणि कड टेकते त्या जागी होते. आणि ही सगळी मुलं टियर्नीकाकांच्या तबेल्यात घोड्यावर बसायला शिकत होती.

दोघांनी सायकली दामटल्या. तबेल्यात वीस मुलांना मिळून सहा हेल्मेटं होती आणि एका तट्टाच्या आयाळीखाली केस झडलेले गोल चट्टे. काकांनी दोघांना हुसकावून लावलं. तट्टू कुंपणाला घासलंय, म्हणाले, तू आपल्या फुंकरी सांभाळ. घरी आईही म्हणाली, मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस.

शनिवारी मुलांना न्यायला पालक जमले, तेव्हा नूलाने सगळ्यांदेखत काकांपुढे हेल्मेट धरलं.

"स्वच्छ आहे ना, काका? मग घाला बघू."

"माझं डोकं मोठं आहे."

"हे सगळ्यांत मोठंच आणलंय," फिंटन म्हणाला.

काकांनी आतलं कळकट अस्तर पाहिलं. ते हेल्मेट डोक्यावर घालायला काही धजेनात. पालकांतल्या ब्रीज मॅकगर्ही जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी जाऊन तट्टाची आयाळ बाजूला केली, हे गजकर्णच, तट्टावरून हेल्मेटांत आणि तिथून मुलांना जातंय, म्हणाल्या आणि तीन आठवडे तबेला बंद करायला लावला.

हेल्मेटं जाळली, तट्टाला औषध झालं, मुलांना मलम मिळालं. महिन्याभरात सगळे चट्टे गेले. "मी तेव्हाच ऐकायला हवं होतं," आई म्हणाली. रविवारी चर्चच्या दारात डॉक्टरबाईंनी नूलाची पाठ थोपटली. अशी नजर आपल्या मदतनिसालाही नाही, म्हणाल्या.

तेवढ्यात ग्रॅल्टनबाई मोठ्याने म्हणाल्या, "मी कधीची सांगतेय, पोरीच्या हाताला गुण आहे!" आणि त्यांनी आपल्या छोट्या भाचीचा दंड उघडा करून त्यावरचा चट्टा पुढे केला.

नूलाने कपाळाला हात लावला. "हिला मलम लावा," ती दात आवळून म्हणाली. पण ती चिमुरडी डोळे मिटून वाट बघत उभी होती. मग नूलाने हळूच एक फुंकरही घातली.