सतरा नंबरच्या मिरच्या

बोटभर निळा दोरा.

डाव्या पिळाचा पेंढ्याचा दोर.

गावात नऊ वर्षांनी जन्मलेलं पहिलं बाळ.

यंग्यांगच्या डोंगरात छत्तीस अंशांचा ऑगस्ट.

"चोरी! चोरी झाली!"

बोराम शेतातून ओरडत आली. ग्युसॉक आणि छोटी सोल कलिंगडाच्या फोडी टाकून धावले. तिघंही भाचरं सुट्टीत ओकजिन मावशीकडे आली होती.

मावशी बांधावर मटकन बसली होती. आठ वर्षं ती मिरचीच्या जातींचा संकर करत होती. यंदा उन्हाने फुलं गळाली, उरलेल्या फळांवर करप्याचे काळे डाग पडले. तगलं एकच झाड. सतरा नंबर! त्यावर पाच बिनडागी, लालबुंद मिरच्या. मावशीने प्रत्येकीच्या देठाला निळा दोरा बांधला होता. आज बी काढायचं, आणि झाड रिकामं!

"बी गेलं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून," मावशी पुटपुटली.

"रानडुक्कर असेल!" सोल म्हणाली.

"डुक्कर कात्री चालवतं का गं, शहाणे?" ग्युसॉकने देठांची सरळ कापलेली टोकं दाखवली.

बोरामने झाडाखालची काडी उचलली. "पेंढा! भाताची कापणी अजून लांब आहे. आत्ता कुणाला लागतोय पेंढा?"

तिघं एकदमच ओरडली. "ज्यांच्या घरी बाळ झालंय त्यांना, दारावर दोर बांधायला!"

मावशीच्या शेताचे मालक प्यो आजोबा शेजारीच राहायचे; त्यांच्या फाटकावर डाव्या पिळाचा पेंढ्याचा नवा दोर ताणलेला होता. त्यात कोळसे, आणि नातू झाला म्हणून पाच लाल मिरच्या. देठांना निळे दोरे!

"आजोबा, या मावशीच्या आहेत!"

"जमीन माझीच ना? पाच मिरच्यांनी काय बिघडतं? आणि मागे व्हा! एकवीस दिवस बाहेरच्यांनी आत यायचं नाही. दोराला तर हातच लावायचा नाही!"

ग्युसॉक रडकुंडीला आला. बोरामने मात्र दाटून आलेल्या आभाळाकडे पाहिलं.

"दोर झकास वळलाय हं, आजोबा. पण मिरच्या ओल्या आहेत. हा पाऊस आला की सडणार, काळ्या पडणार. नातवाच्या दोरावर?"

आजोबांचा चेहरा उतरला. "मग काय करू?"

"मागच्या वर्षीच्या वाळवलेल्या आहेत ना घरात? खडखडीत! एकीवर डाग पडायचा नाही!"

"अगं, मग आधी बोलायचंस की!"

आजोबांनी स्वतःच्या हाताने मिरच्या बदलल्या. ओल्या पाचही फाटकावरून सोलच्या टोपीत टाकल्या. टप्, टप्, टप्, टप्, टप्!

संध्याकाळी पाऊस कोसळला. घरात मावशीने मिरच्या चिरल्या. कागदावर पिवळं, ठणठणीत बी पसरलं. मग कुठे ती हसली. "आठ वर्षं वाचवलीत रे पोरांनो!"

शेजारच्या फाटकातून आजोबा ओरडले, "ओकजिन, पोरं हुशार आहेत तुझी! नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला यातलं एक रोप माझ्या अंगणात हवं!"

त्या दिवशी सकाळी आजोबांनी अकरा शेतं पालथी घातली होती. बिनडागी मिरची त्यांना एकाच झाडावर मिळाली.