जुन्यांना सूट

प्रयोगशाळेतल्या सगळ्या स्मृतिकुप्या रिकाम्या होत्या. डॉ. रेवती घाटपांडे भयमापकाचं शिरस्त्राण चढवून खुर्चीत बसल्या होत्या. भीती टिपून कुपीत भरणारं हे यंत्र नवी तुकडी येण्याआधी त्या नेहमी स्वतःवरच तपासत. पण यंत्र ठीक असून उपयोग काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

धाकटा भाऊ पोलीस कोठडीत मेला, तेव्हापासून त्यांनी या कायद्यासाठी जिवाचं रान केलं होतं. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाची भीती प्रत्येक नव्या शिपायाच्या मेंदूत रोपायची, त्याशिवाय वर्दी नाही. भयरोपण झालेल्या शिपायाचा हात मग कुणावरही उठत नसे.

प्रशिक्षण संचालक ढोबळे आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, तुकडी खोळंबलीय. जुनीच भीती पुन्हा वापरा की."

"एका स्मृतीचं एकदाच रोपण होतं. मग कुपी कोरी."

"मग कुणाला तरी खोटंखोटं बडवू."

"मेंदू असा फसत नाही, ढोबळेसाहेब. मार खराच लागतो." रेवतीबाई कसनुशा हसल्या. "आणि आता मारणारा उरलाय कुठे? कायदा यशस्वी झाला, हीच तर पंचाईत."

"तुकडीला वर्दीच मिळाली नाही तर?"

"येत्या अधिवेशनात कायदा रद्द करतील. पुन्हा कुणाचा तरी भाऊ मरेल."

"तसं होऊ द्यायचं नाही." ढोबळ्यांनी खुर्चीचे पट्टे त्यांच्या मनगटांवर आवळले. "कायदा मीही वाचलाय, मॅडम. भयरोपण फक्त नव्या भरतीला. जुन्यांना सूट."

ती सूट रेवतीबाईंनीच कबूल केली होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी विधेयक अडवून धरलं होतं, तेव्हा 'जुने काय, होतील निवृत्त' असं म्हणून त्यांनी मान डोलावली होती.

ढोबळे बाह्या दुमडत होते. बाईंनी मनगटं सोडवायची धडपड केली.

"हे चालणार नाही!" त्या घाईघाईने म्हणाल्या. "तुम्ही काय करणार ते मला कळलंय. आधी कळलं की भीती उमटत नाही!"

ढोबळ्यांनी भयमापकाकडे पाहिलं. काटा केव्हाच तांबड्या पट्ट्यात शिरला होता.

"उमटतेय की," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण एका कुपीत एकच शिपाई होतो, मॅडम. आणि तुकडी मोठी आहे."