दंडावरचं फुलपाखरू

चित्रकलेच्या बाई ब्रश धुतलेलं पाणी ओतायला वर्गातून तरातरा निघाल्या आणि वळणावर ते सगळं एका तरुणाच्या शर्टावर सांडलं. त्याने मात्र गळ्यातली लशीची पेटी चटकन उंच धरली होती.

"शर्ट गेला तर जाऊ दे, लस वाचली!"

"अगं बाई... धुतला की जाईल हो रंग."

"न जाणारा नाही का तुमच्याकडे?"

बाईंचे कान लाल झाले. म्हणायला बाई, पण वय कितीसं!

तो दवाखान्यातला लस टोचणारा. मुलं त्याला 'टोचेसर' म्हणत आणि दिसला की धूम ठोकत. मुलांची भीती जावी म्हणून बाईंनी त्यांच्याकडून लशीची चित्रं काढून घ्यायचं ठरवलं. पण त्यांची नेहमीची शिकवण होती, जे महत्त्वाचं ते मोठं काढा. मुलांनी छतापर्यंत सुया काढल्या! त्या सुया भिंतीवर पाहून लशीची रांग क्षणात पांगली.

"करायला गेले काय आणि झालं काय," बाई रडवेल्या झाल्या.

"बरं झालं. आता मला दर बुधवारी यावं लागेल," तो हळूच म्हणाला.

मग बाईंनी शरीराच्या आतलं चित्र काढायला सांगितलं. जंतू म्हणजे चोर. लस पहारेकऱ्यांना चोराचा चेहरा दाखवून ठेवते. मुलांच्या सगळ्या पहारेकऱ्यांना टोचेसरांच्या मिशा होत्या. तो पोट धरून हसला. बाई चोरून त्याच्याकडेच बघत राहिल्या. भीती ओसरली, बुधवारमागून बुधवार मुलं दंड पुढे करू लागली, आणि बाई उरलेली मुलं मोजू लागल्या. कारण या शाळेतलं लस टोचणं संपलं की त्याची बदली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"याल माझ्याबरोबर?" त्याने एकदा विचारलं होतं.

"बाबा अंथरुणाला खिळलेत... माझ्या हातूनच दोन घास खातात. त्यांना टाकून कशी येऊ?"



शेवटी एकच मुलगी उरली. चिमणी. बाकाखाली शिरून हुंदके देत होती.

"राहू दे आज," तो बाईंकडे न बघता म्हणाला. "पुढच्या बुधवारी बघू..."

आणखी एक बुधवार! बाईंचा जीव हरखला. पण पलीकडच्या गल्लीत साथ आली होती. त्या खाली वाकल्या, चिमणीला मांडीवर घेतलं आणि तिच्या दंडावर पेनाने फुलपाखरू काढलं.

"हात हलवलास तर उडेल हं."

चिमणीने श्वास रोखून धरला. सुई टोचून झाली तरी तिला कळलं नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर त्याने बाही वर केली. "माझ्याही दंडावर काढा ना."

बाईंनी पेन टेकवलं. एक पंख वाकडाच आला.

"धुतलं की जाईल," त्या म्हणाल्या. मग राहवेना. "फार जीव जडलाय हो माझा तुमच्यावर. दुसऱ्या डोसला याल ना?"

त्याचे डोळे भरून आले.

"ही लस एकदाच असते, बाई..."

पुढच्या बुधवारी बाई ब्रशचं पाणी घेऊन निघाल्या. वळणावर, कुणी येत असेल म्हणून, थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग जाऊन पाणी मोरीत ओतलं.