आतल्या अंगाची गाठ

रामनगरच्या परसूची घोडी ओल्या चिऱ्यावरून घसरली आणि तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर धरली. बँडच्या गोंगाटात कधी न बुजणारी हरणी ही, वरातीसाठी तिला पार लोंढा गावापर्यंत मागणी. पण परसूला तिचं कौतुक वरातीपुरतं नव्हतं. घरात पोर ना बाळ. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, तारानं, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. डॉक्टरांनी पाय तपासून स्पष्ट सांगितलं, "दुसऱ्या पायावर भार येऊन ही एकदा खाली बसली, तर उठायची नाही."

मग दर संध्याकाळी परसू तबेल्यात उकिडवा बसायचा. आधी कापसाची गादी, तिच्यावर पट्टी. दुखऱ्या पायाला बांधायची तशी चांगल्यालाही, कारण रात्रभर उभं राहायचं ओझं त्याच्यावरच. पट्टीत एक बोट शिरलं पाहिजे आणि गाठ बाहेरच्या अंगाला आली पाहिजे. आत मारायची तर घोडीच्या पोटाखाली बसावं लागतं, आणि लाथ खायला तिथं कोण बसतंय? माणूस भारी काटेकोर. गाठ दोनदा चाचपल्याशिवाय उठायचा नाही.

आठ दिवस झाले, सूज हटेना. पाऊस धरून बसलेला, भिंतीला हात लावावा तर ओला. नवव्या संध्याकाळी हरणीचे गुडघे थरथरू लागले आणि परसूचा धीर सुटला. गाऱ्हाणं घालायचं तर देवाचं नाव घ्यावं, त्याची जागा सांगावी, ही त्याच्या आज्यापासूनची रीत. त्यानं तबेल्याच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि रडवेला होऊन एवढंच म्हणाला, "कुणी बी असू दे, येऊन हिचे पाय सांभाळ."

सकाळी दोन्ही गाठी आतल्या अंगाला होत्या.

त्याला वाटलं, ताराचं काम. तिनं कानावर हात ठेवले. "मी कशाला जातीया तिच्या पोटाखाली?"

पट्टी मात्र अशी बसलेली की एक सुरकुती नाही. आणि सूज बोटभर उतरलेली.

त्या संध्याकाळी त्यानं गाठी पुन्हा बाहेर मारल्या, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. सकाळी गाठी आत. हरणीच्या पोटाखालचं गवत एका जागी दबलेलं. हात लावला, तर ऊबदार लागलं.

चार दिवसांत हरणी पाय टेकू लागली. परसूला आनंद झाला, का होऊ नये? पण दाणा घेऊन गेला की ती आताशा त्याच्याकडं मान वळवत नसे. खाली, स्वतःच्या पोटाखाली बघत असे.

"गाऱ्हाण्यात नाव कुणाचं घेतलंसा?" तारानं चहा पुढं करत विचारलं.

कुणाचंच नाही, म्हणून परसूनं मान हलवली.

"अवं, नावच न्हाई, तर परत जा म्हणून सांगायचं कुणाला?"

त्या दिवशी त्यानं पट्ट्या घरात आणून पेटीत टाकल्या. बांधायच्याच नाहीत, बघू काय होतंय ते.

सकाळी हरणीचे चारही पाय खांबासारखे सुजलेले. मान लोंबलेली, गुडघे मोडायच्या बेतात. डॉक्टर येऊन, पाय बघून गेले.

संध्याकाळी परसू पट्ट्या घेऊन तबेल्यात गेला. तारा दारातच थांबली.

तो उकिडवा बसला. हरणीनं पाय मागं घेतला. पुन्हा धरायला गेला, पुन्हा मागं. बाटलीनं वाढवलेली घोडी त्याला शिवू देईना.

मग तिनं सुजलेले पाय कसेबसे फाकवले, पोटाखाली जागा केली आणि निवांत उभी राहिली.

गवत हळूहळू दबलं.

"चला घरात," तारा दारातून म्हणाली. "अवं, ऐका."

परसूनं हरणीच्या थरथरत्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग डोळे मिटले आणि पट्टीची गुंडाळी तिच्या पोटाखाली धरली.

हात रिकामा झाला.