काकांच्या नावाने आलेली विनंती

अहो, रात्रबित्र नव्हती, चांगली भर दुपार होती. पुतणी मागच्या खोलीत काकांचं जुनं मशीन कायमचं बंद करायला बसली होती. काका-पुतणीने मिळून ग्रंथालयांसाठी एक ॲप बनवलं होतं. त्यात लॉगिन करणारा माणूस खरा की तोतया, हे तपासायचं काम ते मशीन करायचं, आणि मशीनची राखण काका करायचे.

"बाहेरच्या कंपनीकडे सोपवू या की," ती म्हणायची. "त्यांची माणसं चोवीस तास पहारा देतात."

"आपल्या दारात कोण आलंय ते परक्याने ओळखायचं? खुळी की काय तू!" काका म्हणायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

काका जाऊन दोन महिने झाले. एकटीने राखण करता करता ती मेटाकुटीला आली, आणि शेवटी तिने कंपनी धरली. सगळी खाती पासवर्डसकट तिकडे हलवली. त्यात काकांचंही गेलं, ते तेवढं पुसायचं राहिलं होतं. गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवू नये, हे तिला काय कळत नव्हतं? पण काकू दारात उभ्या होत्या.

"त्यांचं नाव काढू नकोस गं. आपल्याच घरातून हाकलल्यासारखं वाटतं."

तिला गलबलून आलं. खातं तसंच ठेवून तिने मशीनची वायर काढली. पंख्याची घरघर मंदावत थांबली, आणि खोली इतकी गप्प झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

तेवढ्यात फोन थरथरला. कंपनीचा निरोप होता. काकांच्या नावाने कोणीतरी आत यायची परवानगी मागत होतं. पासवर्ड पहिल्याच वेळी बरोबर. या व्यक्तीला तुम्ही ओळखता का?

"काकू... काकांचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे?"

"मला? छे गं. पस्तीस वर्षं संसार केला, पण तेवढं एक कधी सांगितलं नाही त्यांनी."

तिचं बोट 'नाही'कडे गेलं. पण दोन महिने 'काका, हे कसं करू?' असं विचारायला कोणी नव्हतं हो तिला! तिने डोळे मिटून 'हो' दाबलं.

"आलात...?" ती पुटपुटली.

फोन पुन्हा थरथरला. दुसरी विनंती, तेच नाव. या वेळी पासवर्ड आधी एकदा चुकला होता, मग बरोबर आला होता.

काकांना जन्मात कधी पहिल्या फटक्यात पासवर्ड जमला नव्हता. एकदा हमखास चुकायचे, स्वतःलाच "गाढवा" म्हणायचे, आणि मगच आत शिरायचे.

तिने घाईघाईने 'हो' दाबलं.

'या नावाची व्यक्ती आधीच आत आहे. विनंती नाकारली.'

"काय झालं गं? रडतेस कशाला?" काकू जवळ आल्या.

आत शिरलेल्याला बाहेर काढायचं बटण तिने दाबलं, पुन्हा दाबलं.

'हा अधिकार आता तुम्हाला नाही. आत असलेल्या व्यक्तीने तो नुकताच काढून घेतला आहे.'

आणि फोन थरथरतच राहिला... एकदा चूक, मग बरोबर, नाकारली. एकदा चूक, मग बरोबर...